मत असणे आणि मत देणे

आपल्या भाषेत ‘मत’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी योजिला जातो. एखाद्या मनुष्याविषयी अगर प्रश्नाविषयी आपली जी समजूत बनलेली असते तिला आपण मत म्हणतो. आणि निवडणुकीच्या दिवशी पेटीत जे टाकितो त्यालाही मतच म्हणतो. पहिल्या प्रकारचे मत बाळगण्यास कोणाची परवानगी लागत नाही. दुसरे देण्याचा अधिकार मात्र कायदा ज्याला देईल त्यालाच असतो. ह्या दोन मतांमध्ये अंतर किती, आणि ज्याच्यापाशी केवळ पहिलेच आहे त्या सामान्य मनुष्याच्या मताला मोल किती, ह्याचा थोडासा ऐतिहासिक विचार येथे करावयाचा आहे.

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याने नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड ओलांडली, की कोलाडच्या अलीकडे खांब हे गाव लागते. रोहे तालुक्यातील हे गाव. भोवती भातशेती आणि पलीकडे डोंगर. दर चार वर्षांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली, की अशा गावांतूनही तेथील उमेदवारांविषयी ठाम मते ऐकू येतात. कोणाला एकाचा करारी बाणा आवडतो. कोणाला तो निव्वळ तोंडाळपणा वाटतो. कोणाचा भाचा तिकडे नोकरीस असतो म्हणून तो परक्यांना थारा देणाऱ्या उमेदवाराच्या बाजूने बोलतो. आपण सुशिक्षित मंडळी हे ऐकून मनाशी हसतो. ज्याने उमेदवार पाहिला नाही, ज्याला तेथे मत देता येत नाही, त्याच्या मताला किंमत ती काय, असे आपणांस वाटते. परंतु हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ह्याच रोहे गावात लहानाचा मोठा झालेला एक पुरुष १९६९ साली आपल्या देशाच्या राष्ट्रपतिपदास उभा होता. आणि त्या वेळीही खांब येथील शेतकऱ्याला मत होते, पण मत देता येत नव्हते. ती हकीकत सांगण्यापूर्वी अमेरिकेकडे ओझरती नजर टाकू. कारण लोकांनी अध्यक्ष निवडण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर प्रथम तेथे झाला.

तेथील घटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे सिद्ध झाली. तिच्या कर्त्यांनी अध्यक्षाची निवड लोकांच्या हाती सरळ दिली नाही. प्रत्येक राज्याने काही निर्वाचक नेमावेत व त्यांनी अध्यक्ष निवडावा, अशी योजना केली. आरंभीच्या काळी कित्येक राज्यांत हे निर्वाचक तेथील विधिमंडळेच ठरवीत. सामान्य जनांचे उमेदवाराविषयी मत असे, पण ते चावडीवरच राही. पुढे १८२४ साली अँड्रयू जॅक्सन ह्यांना चारही प्रमुख उमेदवारांत अधिक निर्वाचक मिळाले, तथापि निम्म्याहून अधिक न मिळाल्यामुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि त्याने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स ह्यांना अध्यक्ष केले. आपला मनुष्य आपल्यापासून हिरावला गेला, अशी भावना लोकांत पसरली. मधल्या चार वर्षांत निर्वाचक निवडण्याचा अधिकार आणखी राज्यांत लोकांच्या हाती आला. १८२८ साली मतदान करणारांची संख्या आधीच्या तिपटीवर गेली, आणि जॅक्सन अध्यक्ष झाले. सत्तेच्या ठिकाणी न पोहोचलेले मत नाहीसे होत नाही, ते साठत राहते, ह्याचा तो पहिला मोठा दाखला होय.

ह्या दूरच्या देशाकडे महाराष्ट्रातील जाणत्या माणसांचे लक्ष फार पूर्वीपासून होते. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या लोकांनी गुलामांना दास्यातून सोडविण्यासाठी झीज सोसली त्यांना अर्पण केला. पंडिता रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत तेथे राहिल्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध करून तेथील राज्यव्यवस्थेची आणि स्त्रियांच्या स्थितीची मराठी वाचकांस ओळख करून दिली. योगायोग असा, की त्याच १८८८ साली तेथे झालेल्या निवडणुकीत ग्रोव्हर क्लीव्हलँड ह्यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा सुमारे ९०,००० मते अधिक पडूनही ते हरले. निर्वाचकांच्या गणतीत बेंजामिन हॅरिसन ह्यांना २३३ व क्लीव्हलँड ह्यांना १६८ मिळाले. आणि ज्या स्त्रियांमध्ये रमाबाई वावरल्या, ज्यांनी त्यांच्या विधवाश्रमासाठी पैसा उभा केला, त्यांतील बहुतेकींना अध्यक्षाच्या निवडणुकीत मतच नव्हते. तो अधिकार सर्व राज्यांतील स्त्रियांना घटनेने मिळावयास १९२० साल उजाडावे लागले.

लोकांचे मत मोजण्याची विद्याही त्याच देशात वाढली, आणि तिची एक फजितीही तेथेच झाली. १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांस पत्रे धाडून त्यांचा कौल मागविला. तेवीस लाखांहून अधिक उत्तरे आली, आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन निवडून येणार असे भाकीत छापले गेले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांनी जिंकली. पत्रे ज्यांना धाडली त्यांची नावे मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी टेलिफोन नव्हता त्याला कोणी विचारलेच नाही. उत्तर धाडण्याची तसदीही ज्यांनी घेतली ते थोडेच. अशा रीतीने एक कोटी पत्रे खर्ची पडूनही सामान्य मनुष्य मोजणीबाहेर राहिला.

आता आपल्या कुलाबा जिल्ह्याकडे वळू. त्याचे नाव १९८१ पासून रायगड झाले आहे. लँडन ह्यांचे भाकीत छापले जात होते त्याच सुमारास आपल्याकडेही मतदारांची यादी मिळकत पाहूनच होत असे. १९३५ च्या कायद्यान्वये सारा भरणारा, ठरावीक मिळकतीचा अगर शिकलेला, अशांनाच मत होते. खोताची जमीन कसणारी कित्येक कुळे त्या यादीत नव्हती. त्यांचे खोतीविषयी मत मात्र पक्के होते, आणि ते त्यांनी फार महाग रीतीने व्यक्त केले. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली १९३३ साली खोतांची जमीन न कसण्याचा संप सुरू केला व तो सुमारे सहा वर्षे चालविला. शेतकऱ्याने शेत ओसाड ठेवावयाचे म्हणजे स्वतःच्याच पोटावर निखारा ठेवण्यासारखे. डॉ. आंबेडकर ह्यांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ साली मुंबई सरकारने कूळकायदा केला. त्यामागे जे लोकमत उभे होते त्यात ह्या ओसाड शेतांचा वाटा लहान नव्हता. मतपेटीवाचून दिलेले ते मत होते.

पेटी पुढे आली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक सज्ञान मनुष्याला मत मिळाले. मतदार सतरा कोटींवर, आणि त्यांतील बहुतेक निरक्षर. म्हणून दर उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लाविले होते. मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकली की काम झाले. देशातील सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे मात्र यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते. मताचा अधिकार घरापर्यंत आला, पण नाव सांगण्याचा संकोच उंबऱ्यावर आडवा उभा राहिला.

त्या निवडणुकीत कुलाबा जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेसाठी उभे होते चिंतामणराव देशमुख. त्यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते येथला. वडील द्वारकानाथ रोह्यास वकिली करीत, आणि चिंतामणरावांचे बालपण तेथे गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिज, आय. सी. एस. परीक्षेतील पहिला क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नरपद, आणि १९५० पासून अर्थमंत्रिपद, असा तो चढता क्रम होता. मेघदूताचे मराठीकरण करणारा हा अर्थशास्त्रज्ञ लोकांनी निवडून दिला. निरक्षर कुळांनी त्यांची विद्वत्ता ओळखली म्हणून मते दिली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आणि त्यांनी केवळ पेटीवरची बैलजोडी पाहिली, असे म्हणणे उर्मटपणाचे. मनुष्य, पक्ष, चिन्ह आणि ‘हा आपल्याकडचा’ ही ओढ ह्यांपैकी कशाचा भाग किती, हे पेटीतील कागद सांगत नाही.

थोडा उलगडा चार वर्षांनी झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. चिंतामणरावांनी राजीनामा दिला, आणि जुलैमध्ये लोकसभेत त्याची कारणे सांगून ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता घेतला गेला, ही त्यांची एक तक्रार होती. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी नाकारली गेली, हा दुसरा सल होता. ज्याची सारी हयात सरकारी दप्तराच्या शिस्तीत गेली, तो मनुष्य सत्तेच्या शिखरावरून लोकांच्या बाजूस उतरला. पुढल्या वर्षीच्या निवडणुकीत ते स्वतः उभे नव्हते. पण कुलाब्याने बैलजोडीला नाकारून संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचा उमेदवार लोकसभेत धाडला. चिन्ह पाहून डोळे मिटून मत टाकणारा मतदार असता, तर हे घडते ना.

आणि आता १९६९. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन ह्यांचे मे महिन्यात निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी; पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांचा कल अपक्ष व्ही. व्ही. गिरी ह्यांच्याकडे, आणि जनसंघ व स्वतंत्र पक्ष ह्यांच्या पाठिंब्याने उभे होते त्र्याहत्तर वर्षांचे चिंतामणराव. प्रत्येकाने सदसद्विवेकबुद्धीने मत द्यावे, असे सांगण्यात आले. आपल्या घटनेप्रमाणे मत देणारे केवळ निवडून आलेले खासदार व आमदार. त्या वर्षी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ धरलेले होते. १६ ऑगस्ट रोजी मतदान झाले. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ व चिंतामणरावांना १,१२,७६९ मिळाली. कोणासही निम्म्याहून अधिक न मिळाल्यामुळे दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असा प्रसंग पुन्हा आलेला नाही. अखेरीस गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७, असा निकाल लागला. चिंतामणरावांना पसंती देणारांचा दुसरा कौल बहुतांशी रेड्डींकडे गेला, तरी तो पुरला नाही.

ह्या साऱ्या गणितात खांब, कोलाड, रोहे येथील मनुष्य कोठे होता? तो ५७६ च्या आकड्यात कोठेतरी विरघळून गेला होता. ज्याला त्याने सतरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने लोकसभेत धाडिले, ज्याने त्याच्या राज्यासाठी मंत्रिपद सोडिले, त्याच्याविषयी त्याला काय वाटते, हे विचारण्याची सोय त्या निवडणुकीत नव्हती. घटनाकारांची दृष्टी चुकीची होती, असे मला सुचवावयाचे नाही. राज्यकारभार चालविणारा पंतप्रधान लोकांस जबाबदार असावा व राष्ट्रपतीने त्याचा प्रतिस्पर्धी होऊ नये, हा विचार सयुक्तिक आहे. एवढेच, की मत असणारा आणि मत देणारा ह्यांत तेव्हा अंतर पडले होते. १८२४ साली अमेरिकेत पडले तसेच.

मग ज्याला मत देता येत नाही त्याच्या मताला किंमत काय, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? वरील हकीकतीवरून मला असे वाटते, की मताची किंमत त्यापायी मनुष्य काय गमावण्यास तयार आहे ह्यावर ठरते. चरीच्या शेतकऱ्यांनी सहा वर्षांची पिके गमावली. चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपद गमावले. ती दोन्ही मते कोणत्याही पेटीत पडली नव्हती, आणि दोहोंचा इतिहासावर उमटलेला ठसा पुसता येत नाही. उलट, ज्यात आपले काहीच जात नाही ते मत हलके. मग ते खांबच्या नाक्यावर अमेरिकेच्या उमेदवाराविषयी दिलेले असो, की आपल्या दिवाणखान्यात शेतकऱ्याच्या मताविषयी.

तथापि त्या दोहोंतही नाक्यावरच्या मनुष्याचे पारडे मला किंचित जड वाटते. दूरच्या उमेदवाराला पारखताना तो जे प्रश्न विचारतो, म्हणजे हा बोलल्याप्रमाणे वागेल काय, अडचणीत आपल्या माणसांच्या बाजूने उभा राहील काय, ते प्रश्न त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी आपल्या दारी मते मागावयास आलेल्यांना लाविले आहेत. त्यांची उत्तरे चुकली तेव्हा त्याची झळही त्यांनीच सोसली आहे. चिंतामणराव २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे वारले. त्यांची परीक्षा विद्यापीठांनी घेतली, आय. सी. एस.च्या मंडळाने घेतली, राष्ट्रपतिपदाच्या मतदारसंघानेही घेतली. परंतु १९५२ साली कुलाब्याच्या भातशेतांमधून चालत येऊन ज्यांनी त्यांच्या पेटीत कागद टाकिला, त्या परीक्षकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.