ट्राम आली, वेधशाळा अलिबागला गेली

सर्व्हरवरची फाईल करप्ट झाली की आपण आधी डिस्क तपासतो. पण बिघाड कधीकधी बाहेरून येतो, मंडळी.

कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. १८५९ चं प्रचंड सौरवादळही त्यात सापडलंय. मग मुंबईत विजेची ट्राम यायची ठरली. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकसूची हलवणार, आणि असा डेटा नंतर साफ करता येत नाही. म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, लोखंड टाळून बांधलेली अलिबागची वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुने-नवे आकडे जुळवता आले. १९०७ मध्ये ट्राम धावली, तोवर मालिका सुखरूप अलिबागला पोचली होती. ती आजही चालू आहे.