हरणाची कवटी : स्वच्छता, जतन आणि कायद्याची चौकट

गोवा आणि बेळगाव परिसरातील काही जुन्या घरांच्या ओसरीवर लाकडी ढालीवर बसवलेली सांबराची किंवा चितळाची शिंगे आजही दिसतात. कुठे केवळ शिंगे असतात, कुठे त्यांच्यासह संपूर्ण कवटी. त्यांच्यावरची धूळ पुसावी कशी, पिवळेपणा घालवावा कसा, मुळात ती घरात ठेवता येतात का, हे प्रश्न बहुधा घर आवरताना किंवा वाटणीच्या वेळी उद्भवतात. कवटी स्वच्छ करण्याची कला जर्मनी, स्कॉटलंड आणि उत्तर अमेरिकेत परवान्याने होणाऱ्या शिकारीच्या अनुषंगाने आजही प्रचलित आहे. भारतात शिकारीला बंदी असल्याने ताजी कवटी घरी साफ करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तथापि हाडाचे शास्त्र सर्वत्र सारखेच असल्याने जुन्या कवटीची निगा राखणाऱ्यालाही ते ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

भरीव शिंग आणि पोकळ शिंग

चितळ, सांबर व भेकर हे मृगकुळातील प्राणी. त्यांची शिंगे भरीव हाडाची असतात. कपाळाच्या हाडावरील खुंटातून ती उगवतात, वाढीच्या काळात मखमली कातडीने आच्छादलेली असतात आणि कालांतराने गळून पुन्हा येतात. रेनडिअरचा अपवाद सोडल्यास ती सामान्यतः नरालाच असतात. काळवीट बोलीत हरीण म्हणून ओळखला जात असला, तरी तो गवयाच्या कुळातला. त्याची शिंगे गळत नाहीत. आत हाडाचा गाभा आणि त्यावर नखासारख्या द्रव्याचे पोकळ आवरण, अशी त्यांची रचना असते. हा भेद स्वच्छतेच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. पोकळ आवरण गाभ्यावरून सोडवून स्वतंत्रपणे साफ करता येते. भरीव शिंग मात्र कवटीचाच भाग असल्याने त्याला पाण्यापासून जपावे लागते.

हरणाच्या वरच्या जबड्याला पुढे पटाशीचे दात नसतात. त्यामुळे अशी कवटी पाहून दात पडले असावेत, हा समज चुकीचा ठरतो. नाकातील हाडे कागदासारखी पातळ असतात आणि कवटीचे सर्वांत नाजूक अंगही तेच.

मांस वेगळे करण्याच्या तीन पद्धती

पहिली पद्धत मंद आचेची. कातडी, डोळे, जीभ व मेंदू काढून कवटी कढत पाण्यात ठेवली जाते आणि सुटलेले मांस वेळोवेळी खरवडले जाते. पाण्याला खळखळून उकळी येऊ दिली जात नाही. उकळीने हाडातील प्रथिन विरघळू लागते, चरबी हाडात अधिक मुरते, नाकाची हाडे तडकतात आणि दाढा निखळतात. काही तासांत काम उरकत असल्याने शिकारी ही पद्धत पसंत करतात. संग्रहालये मात्र तिच्याकडे साशंकतेने पाहतात.

दुसरी पद्धत पाण्यात कुजवण्याची. कवटी कोमट पाण्यात बुडवून ठेवली, की जिवाणू मांस खाऊन टाकतात. पाणी ३० ते ३५ अंश सेल्सिअस राहिल्यास काही दिवसांत ते दोन आठवड्यांत हाड मोकळे होते, थंड पाण्यात महिने लागतात. दुर्गंधी असह्य असते; पण हाडाला इजा सर्वांत कमी होते. अखेरीस दात पाण्याच्या तळाशी सापडतात, म्हणून गाळ फेकण्यापूर्वी तो गाळून पाहण्याची शिस्त पाळली जाते.

तिसरी पद्धत डर्मेस्टिस या भुंगेऱ्याची. त्याच्या अळ्या वाळलेले मांस अगदी बारीक फटींतूनही खातात आणि हाडाला सहसा धक्का लावत नाहीत. जगातील अनेक निसर्ग-इतिहास संग्रहालयांत अशा वसाहती पाळल्या जातात, पण वेगळ्या खोलीत. कारण तेच कीटक बाहेर पडले तर पेंढा भरलेल्या कातड्यांचा फडशा पाडतात. काम झाल्यावर अळ्या व अंडी मरावीत म्हणून कवटी गोठवली जाते.

चरबी आणि शुभ्रता

मांस निघाले म्हणजे काम संपले, असे मानणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. हाडाच्या सूक्ष्म छिद्रांत चरबी उरते. ती न काढल्यास कवटी काही महिन्यांत पिवळी पडते, चिकट होते आणि तिला वास येतो. त्यासाठी भांडी घासण्याचा द्रव साबण घातलेल्या कोमट पाण्यात ती ठेवून पाणी गढूळ झाले की बदलले जाते. या टप्प्याला कधी आठवडे, कधी महिनेही लागतात.

त्यानंतर औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के तीव्रतेच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कवटी एक-दोन दिवस ठेवली जाते. भांड्याचे झाकण घट्ट लावत नाहीत, कारण आत वायू साठतो. शिंगांना द्राव लागू दिला जात नाही. शिंगांचा तपकिरी रंग झाडांवर घासताना लागलेल्या रसाचा आणि मखमलीतील रक्ताचा असतो. तो एकदा उडाला की मूळचा परत येत नाही. कपडे शुभ्र करण्याचे क्लोरीनयुक्त द्रावण पूर्णतः वर्ज्य होय. त्याने हाडातील प्रथिन नष्ट होते आणि पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो.

सुटलेले दात आणि हरणात मुळातच वेगळे असणारे खालच्या जबड्याचे दोन भाग पांढऱ्या गोंदाने जोडले जातात. भुरभुरणाऱ्या हाडाला संग्रहालयांत ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ लेप देतात. चकचकीत वॉर्निश टाळले जाते. ते पुढे पिवळे पडते.

आरोग्याची काळजी

उत्तर अमेरिकेतील हरणांत मेंदूचा ऱ्हास करणारा एक घातक रोग आढळतो. १९६७ साली तो कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला. २०१६ साली नॉर्वेतील रेनडिअरमध्येही सापडला. माणसाला त्याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तथापि त्यास कारणीभूत असलेले विकृत प्रथिन उकळल्याने नष्ट होत नसल्याने अमेरिकेतील अनेक राज्यांत मेंदूचा अंश असलेली कवटी बाहेरून आणण्यास मनाई आहे.

भारतातील जुन्या वस्तूंचा धोका वेगळा आहे. कातडीसह भरलेल्या जुन्या मुंडक्यांत कीड लागू नये म्हणून पूर्वी सोमल वापरला जाई. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्याने विसाव्या शतकात अनेक संस्थानिकांच्या शिकारी भरून दिल्या. असे मुंडके उघड्या हाताने झटकणे टाळावे. हातमोजे आणि मुखपट्टी आवश्यक. नुसत्या कवटीला मऊ कोरडा ब्रश पुरेसा असतो. पाण्यात बुडवण्याची गरज क्वचितच पडते.

भारतातील कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार वन्य प्राण्याचे हाड किंवा शिंग हे ‘ट्रॉफी’ या संज्ञेत मोडते. ते मालकी प्रमाणपत्राविना बाळगणे गुन्हा आहे. नोंदणी राहून गेलेल्यांसाठी २००३ साली १८० दिवसांची विशेष मुदत देण्यात आली होती. अनुसूचित प्राण्याची अशी वस्तू वारशाने आल्यास ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावे लागते. प्रमाणपत्र असले तरी विक्री करता येत नाही. गोव्यातून बेळगावला घर हलवताना अशी वस्तू सोबत नेल्यास राज्य बदलते, म्हणून ३० दिवसांत त्याची खबर द्यावी लागते. वन खात्याने वस्तूवर उमटवलेली ओळखखूण पुसणे हाही गुन्हा असल्याने स्वच्छतेच्या वेळी ती जपणे अगत्याचे आहे. वस्तू ठेवायची नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन प्रमाणपत्रधारकाला ती शासनाकडे स्वेच्छेने सुपूर्द करता येते. तिचा मोबदला मिळत नाही. कागदपत्रे सापडत नसतील, तर वस्तू परस्पर कुणाला देण्यापूर्वी वन खात्याशी संपर्क साधणे हाच सुरक्षित मार्ग होय.

मोले, म्हादई, खोतीगाव किंवा नेत्रावळीच्या जंगलात फिरताना गळालेले शिंग किंवा कवटी आढळल्यास हाच नियम लागू होतो. शिंग आपोआप गळालेले असले, तरी ते उचलून घरी आणता येत नाही. जंगलात त्याचा उपयोग संपलेलाही नसतो. साळिंदर आणि उंदीर कॅल्शियम व फॉस्फरससाठी अशी शिंगे कुरतडतात. रानात पडलेल्या सांबराच्या शिंगावर त्यांच्या दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात.