कॉड मासा आणि भूजलातली हजेरी

भूजलातले जीवाणू मोजायचे तर आधी ते प्लेटवर वाढवायचे, ही जुनी रीत. पण बहुतेक तिथे वाढतच नाहीत! पाण्यात जिवंत, वहीत शून्य.

उपाय आला कॅनडातून, तोही कॉड माशामुळे. 1959 मध्ये ब्लाय आणि डायर यांनी क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाण्याने माशातली लिपिडं वेगळी काढली. 1979 मध्ये फ्लोरिडात डेव्हिड व्हाइट यांच्या टीमने तीच पद्धत बदलून खाडीच्या गाळावर लावली, पुढे भूजलावर. पेशी मेली की पटलातल्या फॉस्फोलिपिडचा फॉस्फेट लवकर तुटतो. म्हणजे सापडलं ते जिवंतांचं. दुसऱ्याच कामाचा कोड असा चालला की मला भारी वाटतं.

पण एक बग आहे. कोण कोण आहे हे फॅटी ॲसिडवरून ओळखतात, आणि मिथेन बनवणाऱ्या आर्कियांच्या पटलात ती नसतातच. त्यांची हजेरी लागत नाही.