अकोल्याचा उडीद, ट्रॉम्बेचा कोबाल्ट

मूग-उडीद म्हणजे वऱ्हाडात पोळ्याच्या आगेमागे हाती येणारा खरिपातला पहिला पैसा. या पिकात १९८५ साली टीएयू-१ हा उडदाचा वाण आला. मुंबईत ट्रॉम्बेला असलेलं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून तो काढला, म्हणून नावात ट्रॉम्बे आणि अकोला दोन्ही आले. टपोऱ्या दाण्यामुळे तो राज्यभर पसरला. त्याच्या मातापित्यांपैकी एक वाण किरणांनी घडवलेला होता.

किरणांनी वाण घडवण्याच्या या कामाची सुरुवात भुईमुगापासून झाली. ट्रॉम्बेत डॉ. एस. एच. पाटील यांनी ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ जातीच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडले आणि त्यातून १९७३ मध्ये टीजी-१ हा मोठ्या दाण्याचा वाण बाहेर पडला. किरणांमुळे बियाण्याची गुणसूत्रं तुटतात, बदलतात. बहुतेक रोपं खुरटतात, काही वांझ निघतात. हजारो रोपांमधून एखादं कामाचं सापडतं आणि पुढं कित्येक हंगाम त्याची निवड आणि चाचणी चालते. अकोल्याच्या शेतांवर हे काम नेटानं झालं. १९९१ चा ठेंगणा टॅग-२४ भुईमूग, लवकर येणारी टीएटी-१० तूर आणि भुरीला दाद न देणारे टार्म मूग ही त्याची फळं. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्राचं नाव २००५ मध्ये टीएएमएस-३८ या सोयाबीनमध्ये आलं.

असं धान्य खाल्लं तर किरणोत्सर्ग पोटात जाईल का? नाही. छातीचा एक्स-रे काढलेला माणूस किरणोत्सारी होत नाही, तसंच बियाण्याचं. बियाण्यावर सोडले जाणारे कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे गॅमा किरणही दाण्यातून आरपार जातात, मागं किरणोत्सर्ग ठेवत नाहीत. शिवाय शेतकऱ्याच्या हाती येणारं बी किरण दिलेल्या मूळ दाण्यापासून अनेक पिढ्या दूर असतं.

धोका आहे तो शिशाच्या जाड कवचात ठेवलेल्या कोबाल्टमध्ये. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातला असाच एक गॅमा सेल, म्हणजे कोबाल्टचे किरण देणारं यंत्र, १९८५ पासून बंद पडून होता. फेब्रुवारी २०१० मध्ये तो लिलावात निघाला आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचला. कामगारांनी शिशासाठी कवच फोडलं. कोबाल्टचा एक तुकडा एका दुकानदारानं पाकिटात ठेवला आणि त्याच्या अंगावर जखमा झाल्या. एका कामगाराचा जीव गेला, अनेकजण रुग्णालयात दाखल झाले, परिसरातली दूषित माती उचलून न्यावी लागली. कोबाल्ट-६० ची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे बंद पडल्या दिवसापासून मोजली तरी ती चार टक्क्यांच्या खाली उतरलेली होती. तेवढीही माणूस मारायला पुरली.

किरणांनी वऱ्हाडाला चांगलं बियाणं दिलं, हे ठामपणे सांगायला हवं. पण ज्या यंत्रानं ते दिलं, त्याचा हिशेब ते बंद पडल्यावरही ठेवावा लागतो. अशा प्रत्येक स्रोताची नोंद आणि शेवटची विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीखाली व्हायला हवी. मायापुरीत नेमकी तिथंच चूक झाली.

अकोला-अमरावतीच्या भंगार व्यावसायिकांनी एक खूण डोक्यात पक्की ठेवावी : पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह. ते असलेली जड पेटी आली तर कापू नका, उघडू नका. सगळ्यांना लांब करा आणि ११२ वर कळवा.