फोर-एटी-सिक्सवर बेट्टदपुर

चपला बाहेर काढा. १९९२ साल आहे, पुण्यातल्या या कचेरीत एसी फक्त याच खोलीला आहे आणि तोही माणसांसाठी नाही.

ऑपरेटरबाई प्लॅस्टिकचं आवरण घडी करून ठेवतात, आधी यूपीएस लावतात, मग ते धूड. पुढच्या पट्टीवर ३३ चा आकडा उजळतो, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झ. शेजारी ‘टर्बो’ बटण. त्याचा खरा उपयोग वेग पाडायला, जुने प्रोग्रॅम भरधाव सुटू नयेत म्हणून. नाव मात्र टर्बो! आत इंटेलचं ४८६ डीएक्स आहे: सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर, ८ केबी कॅश, आणि गणिताची वेगळी चिप घ्यायला नको. रॅम ८ एमबी, हार्ड डिस्क २०० एमबी. एवढा थाट, पण डॉसमधल्या साध्या प्रोग्रॅमच्या वाट्याला येते ६४० केबीच.

तरी मला विचाराल तर खरी श्रीमंती मागच्या स्लॉटमध्ये आहे. तिथे सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलंय. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं हे काम १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये, पुण्यात वाढलं. त्याच्या जोरावर वर्डस्टार आणि डीबेस मुकाट्याने मराठी दाखवतात.

बाईंपुढे पत्त्यांची यादी आहे. “घ्या, हा तुम्हीच टाइप करा. बेट्टदपुर, जि. म्हैसूर.”

इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या. ‘वाय’वर ब. ‘एस’वर मात्रा. मग ट, पाय मोडायला ‘डी’, पुन्हा ट. पडद्यावर सुटे दोन ट एकमेकांना बिलगतात. द, प, उकार, र. झालं. नऊ कळा, नऊ बाइट. आजच्या यूटीएफ-८ मध्ये या नावाला २७ लागतात.

“आता गंमत बघा,” म्हणत बाई लिपी बदलतात. तेच नाव कन्नडमध्ये! १९९१ च्या इस्की मानकात ब म्हणजे २०२, मग लिपी कुठलीही असो. कार्ड फक्त अक्षराचा आकार बदलतं.

शेजारच्या टेबलावरचे धारवाडचे हिशेबनीस मान वळवून वाचतात आणि हसतात. “मॅडम, बे एवढा लांबवू नका. आखूड आहे तो.”

चूक कार्डाची नाही. कन्नडला ऱ्हस्व ए वेगळा लागतो, मानकात त्याच्या मात्रेला २२४ क्रमांक राखून ठेवलाय; तुम्ही दिलीत मराठी सवयीची २२५. हिशेबनीस वाकून मात्रा खोडतात आणि तिथे ‘झेड’ दाबतात.

बाई यादीवरून बोट खाली नेतात. पुढे बेळगाव आहे, त्याखाली बेंगळूर. दोन्हीकडे झेडच.