नाटक, नांगर आणि मासिक

मराठी संगीत नाटक आणि लोखंडी नांगर यांची जन्मगावं काढायला गेलं, तर दोन्ही वाटा बेळगावकडच्या गुर्लहोसूर या लहानशा गावात येऊन पोचतात. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर इथे 1843 साली जन्मले, लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली. कुळाचं मूळ गाव कोकणात, मालवण भागातलं किर्लोस. आडनाव तिथलं, कर्तृत्व मात्र घाटावरचं.

अण्णासाहेब सरकारी नोकर, पण जीव नाटकात. पुण्यात पारशी मंडळींचा खेळ पाहून ते इरेला पेटले आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले. तोवर नाटकातली पदं म्हणायची ती सूत्रधाराने; पात्रांनी हातवारे करायचे आणि आपलं भाषण आलं की बोलायचं. इथे शकुंतला स्वतःच गाऊ लागली, दुष्यंतही गाऊ लागला. बदल एवढाच, पण पुढच्या पन्नास वर्षांचं मराठी नाटक त्यावर उभं राहिलं. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. ‘रामराज्यवियोग’ अपुरं ठेवून अण्णासाहेब 1885 मध्ये गेले. वय अवघं बेचाळीस.

मालक गेला की कंपनी मोडायची, हा त्या काळचा शिरस्ता. अण्णासाहेबांची किर्लोस्कर नाटक मंडळी मोडली नाही. भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर यांनी ती चालवली; 1905 मध्ये बालगंधर्व तिच्यात आले, 1911 मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ तिनेच रंगभूमीवर आणलं. यांतला एकही किर्लोस्कर नव्हे. पाटीवरचं नाव मात्र कुणाला बदलावंसं वाटलं नाही. या आडनावाची खरी पुण्याई इथेच दिसते: ते घराबाहेरच्यांनी आपलं मानलं.

लक्ष्मणरावांची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळेना. मग यंत्रांची रेखाटनं, तंत्रशाळेत शिक्षकी, आणि बढतीत डावलल्यावर राजीनामा. बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलींचं दुकान होतं. तिथून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि पुढे नांगराकडे वळले.

हा नांगर खपवणं तो बनवण्याहून अवघड. लाकडी नांगर जमीन वरवर ओरबाडतो. हरळी-कुंद्याची मुळं खाली तशीच राहतात. विलायती धर्तीचा लोखंडी नांगर ढेकूळ पालथं करतो, तण उघडं पाडतो. पण शेतकऱ्याचा समज असा, की लोखंडाने काळी आई नासते, विषारी होते. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका हंगामाची चूक त्याला वर्षभर उपाशी ठेवू शकत होती.

पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांनी दिला, वर कर्जही दिलं. मार्च 1910 मध्ये तिथे वस्ती पडली. पुढे त्या स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं.

याच वाडीत 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. ती काढणारे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे शंवाकि, हे स्वतः चित्रकार. कारखान्याच्या बातम्या आणि नांगर-चरकांची माहिती द्यायला काढलेलं हे पत्रक बघता बघता ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. विज्ञाननिष्ठा आणि समाजसुधारणा घरोघर नेऊ लागलं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ही निघालं. नाटकाचा आणि नांगराचा गौरव भरपूर झाला. शंवाकिंच्या वाट्याला त्या मानाने कमीच आला. जाहिरातीसाठी काढलेल्या पत्रकातून वाचकांची एक अख्खी पिढी घडवणं हे काही थोडकं काम नव्हे. पुढे ‘स्त्री’चं संपादन विद्या बाळांनी केलं. पुन्हा तेच: नाव किर्लोस्करांचं, हात दुसऱ्याचा.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले आणि 1946 मध्ये पुण्यात ऑईल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. विहिरीवर मोट गेली, इंजिन आलं, आणि खेडोपाडी आडनाव यंत्रावर कोरलं गेलं.

अशा नावाला किंमत आली की त्याची मालकीही ठरवावी लागते. किर्लोस्कर समूहाने नावाचे हक्क सांभाळायला ‘किर्लोस्कर प्रोप्रायटरी’ ही वेगळी कंपनीच काढली. त्या नावाच्या वापरावरून वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 1995 मध्ये न्यायालयाने निकाल या कंपनीच्या बाजूने दिला.