दोन माणसं, दोन सेन्सर आणि दोन भुतं

‘तुझा रिसर्च नेमका कशावर?’ असं बोदवडला कुणी विचारलं की मी कागदावर वर्तुळं काढतो. एक बिंदू बोदवड, दुसरा जामनेर. वर एक विमान. बोदवडहून फक्त अंतर कळलं, तर विमान त्या वर्तुळावर कुठेही असू शकतं. जामनेरचंही वर्तुळ काढलं की दोन छेदनबिंदू मिळतात. विमान कुठल्या बाजूला आहे हे माहीत असेल, तर एकच उरतो. इथवर सोपंय. पण विमानं दोन असली की दोन्हीकडून दोन-दोन वर्तुळं, म्हणजे त्याच बाजूला चार बिंदू. दोन खरे, उरलेली दोन भुतं!

ही भुतं जुनी आहेत. 1940 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर ‘चेन होम’ रडारची साखळी होती. दिशेपेक्षा अंतर जास्त अचूक कळायचं, म्हणून शेजारच्या केंद्रांची अंतरं एकत्र छेदून जागा ठरवायची. हे काम लंडनजवळ बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूममध्ये चाले, टेबलावरच्या नकाशावर. कुठला प्रतिध्वनी कुठल्या विमानांचा, हे माणसंच ठरवत. शिवाय पल्स सुमारे 20 मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे 3 किलोमीटरच्या आतली दोन विमानं एकमेकांत मिसळून जायची.

आता आपल्याकडे या. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे भूकंप झाला. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. आपल्या खान्देशात त्याला धाबं म्हणतात. हजारो माणसं त्याखाली गेली. आत कोण जिवंत आहे, हे हाक मारून, कान देऊन शोधायचं.

2002 मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने 3.1 ते 10.6 गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या अल्ट्रा-वाइडबँड उपकरणांना खुला केला. पट्टा जितका रुंद, तितका पल्स आखूड. 7.5 गिगाहर्ट्झ वापरले तर 2 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात. कुठे 3 किलोमीटर, कुठे 2 सेंटिमीटर! श्वासाने हलणारी छातीही टिपता येते.

2015 च्या नेपाळ भूकंपात नासाच्या जेपीएलने विकसित केलेल्या ‘फाइंडर’ या सूक्ष्मलहरी रडारने चौतारा गावात हृदयाचे ठोके टिपले. दोन पडक्या इमारतींखालून चार जण जिवंत निघाले.

मग भुतं गेली का? नाही, वाढली. मातीत लहरीचा वेग निम्म्यावर येतो, ओल्या मातीत त्याहून कमी. म्हणजे अंतर चुकतं. एकाच माणसाचा प्रतिध्वनी भिंतींवर आपटून तीन-चारदा येतो. जास्त फ्रिक्वेन्सी तर ओल्या मातीत लवकरच विरते.

म्हणून नुसते सेन्सर वाढवून भागत नाही. फिल्टर रूममधला प्रश्नच पुन्हा सोडवायचा असतो: हा प्रतिध्वनी कुणाचा? एक खूण श्वासाची. एकजण मिनिटाला 14 वेळा श्वास घेतो, दुसरा 19 वेळा. प्रत्येक सेन्सरवर तीच लय शोधायची आणि त्याच लयीची वर्तुळं छेदायची. लय सारखी निघाली, तर तिसरा आणि चौथा सेन्सर लागतो.

विमानाच्या नकाशावर भूत म्हणजे एक चुकीची खूण. ढिगाऱ्यात मात्र भूत म्हणजे चुकीच्या जागी खणत गेलेला तास, आणि खरा माणूस तेव्हा दोन हात पलीकडे श्वास घेत असतो.